जुनी फटफटी : सांखळीची कीं शाफ्टची ?



जुन्या मोटारसायकली बाळगण्याचा नाद आतां संस्थानिकांपुरता किंवा गिरणीमालकांपुरता राहिलेला नाहीं. आजोबांची गाडी अडगळींतून बाहेर काढणारा नातू, निवृत्तीची रक्कम हातीं पडतांच तरुणपणची इच्छा पुरी करूं पाहणारा कारकून, आठवडाभर कचेरींत बसून रविवारीं हात काळे करून घेण्यांत धन्यता मानणारा अभियंता, असे नाना प्रकारचे लोक या नादांत आढळतात. त्यांच्या बोलण्यांत एक वाद हटकून निघतो. गाडी सांखळीची घ्यावी कीं शाफ्टची ? या वादांत घरांतल्या मंडळींनींही लक्ष घालणें योग्य आहे. कारण पैसा घरचा असतो, गाडी घरच्या अंगणांत उभी राहणार असते, आणि तिच्या मागच्या बैठकीवर घरचेंच माणूस बसणार असतें. म्हणून आज या विषयावर चार शब्द बोलण्याचें योजिलें आहे.

इंजिनाची शक्ति मागच्या चाकापर्यंत नेण्याचे हे दोन मार्ग आहेत. सांखळी, जिला आपण व्यवहारांत चेन म्हणतों, ती सायकलीमुळें सर्वांच्या परिचयाची आहे. शाफ्ट म्हणजे फिरणारा पोलादी दांडा. गिअरपेटीपासून निघून तो मागें चाकापर्यंत जातो, आणि तेथें एका बंद डब्यांतील दंतचक्रांच्या जोडीकडून चाक फिरवून घेतो. एकींत इंजिनाचें काम उघड्यावर चालतें, दुसरींत झांकलेलें.

आतां एका गाडीला सांखळी आणि दुसरीला शाफ्ट असें कां ? स्वयंपाकघरांतलीं दोन लाटणीं घ्या आणि दोन्ही आडवीं, एकामागें एक, समांतर धरा. पुढचें लाटणें म्हणजे इंजिनाचा क्रँक. मागचें म्हणजे चाकाचा आंस. पुढच्याची गति मागच्याला द्यावयाची तर दोहोंभोंवतीं दोऱ्याचा एक फेरा घातला कीं काम झालें. हीच सांखळी. आतां पुढचें लाटणें फिरवून गाडीच्या लांबीच्या दिशेनें धरा. दोऱ्याचा फेरा निरुपयोगी झाला. त्या लाटण्याची गति सरळ मागें नेतां येते, परंतु चाकापाशीं तिला काटकोनांत वळवावें लागतें, आणि तें वळण दंतचक्रांवांचून साधत नाहीं. जुन्या इंग्रजी एकसिलिंडरी गाड्यांत क्रँक आडवा, म्हणून त्यांना सांखळी. बीएमडब्ल्यूच्या जुन्या दुसिलिंडरी गाड्यांत क्रँक लांबीच्या दिशेनें, म्हणून त्यांना शाफ्ट. म्हणजे हा प्रश्न बव्हंशीं गाडीच्या शिल्पकारानें इंजिन कसें बसविलें त्याच वेळीं सुटलेला असतो. आपण निवड करतों ती दोन संपूर्ण गाड्यांमधून, आणि त्याहूनही खरें सांगावयाचें तर दोन प्रकारच्या जोखमींमधून. सांखळी आपली झीज रोज थोडी थोडी उघड करून दाखविते. शाफ्ट ती पोटांत ठेवतो. या एका भेदावर माझें सर्व म्हणणें उभें आहे.

थोडा इतिहास सांगितला पाहिजे. आरंभीच्या बहुतेक मोटारसायकलींना पट्टा असे. पाऊस पडला कीं पट्टा घसरे आणि चढावर स्वाराला उतरून गाडी ढकलावी लागे. स्वित्झर्लंडमध्यें जन्मलेल्या व मँचेस्टर येथें कारखाना चालविणाऱ्या हान्स रेनोल्ड यानें १८८० सालीं खीळ, तिच्यावर नळी व नळीवर फिरता रूळ अशा घडणीची सांखळी तयार केली. आजच्या सांखळीचीही मूळ घडण तीच आहे. शाफ्टची कल्पनाही नंतरची नव्हे. बेल्जममधील हेर्स्ताल येथील एफ्एन् या बंदुकांच्या कारखान्यानें १९०५ सालीं चार सिलिंडरांची शाफ्टची गाडी बाजारांत आणिली. गंमत अशी कीं, याच कारखान्यानें १९२० नंतरच्या दशकांत आपल्या चार सिलिंडरांच्या गाडीचा शाफ्ट काढून सांखळी पत्करली. आणि त्याच दशकांत, १९२३ सालीं, म्युनिकच्या बीएमडब्ल्यूनें आपली पहिली मोटारसायकल, आर ३२, शाफ्टसह पुढें मांडली. मॅक्स फ्रिट्झ या विमानांचीं इंजिनें घडविणाऱ्या शिल्पकाराची ती कृति. इंजिन ४९४ घन सेंटिमीटरांचें, शक्ति अवघी साडेआठ अश्वांची. त्यानंतर १९९३ पर्यंत, म्हणजे ७० वर्षें, त्या कारखान्यानें सांखळीची गाडी काढिली नाहीं. एक जाणता कारखाना शाफ्ट टाकून देतो आणि दुसरा तितकाच जाणता कारखाना तो जन्मभर उराशीं धरतो. तेव्हां यांतील एक मार्ग शहाण्यांचा व दुसरा मूर्खांचा असें म्हणण्यांत अर्थ नाहीं.

प्रथम सांखळीकडे वळूं. मीं स्वतः तीस वर्षें सांखळीच्या गाडीवरून शाळेची वाट तुडविली, तेव्हां तिचे गुणदोष पुस्तकांतून शिकावे लागले नाहींत. मेकॅनिक म्हणतो, ' चेन ताणली. ' वस्तुतः पोलादी पट्ट्या ताणत नाहींत. प्रत्येक खीळ व तिच्यावरची नळी केसभर झिजते. एका सांध्यांत एक मिलिमीटराचा दहावा हिस्सा झीज झाली, तर शंभर सांध्यांची सांखळी एक सेंटिमीटर लांबते. लांबलेली सांखळी दंतचक्राच्या दांत्यांवर नीट बसत नाहीं, ती त्यांना ओढूं लागते, आणि हळूहळू ते दांते वाघनखांसारखे वांकडे होतात. मग नवी सांखळी आणून जुन्या दंतचक्रावर चढविणारे काटकसरी लोक आढळतात. वांकडे दांते नव्या सांखळीचा थोड्याच दिवसांत फडशा पाडतात. सांखळी व दोन्ही दंतचक्रें एकदमच बदलावीं, हा नियम खर्चाचा वाटला तरी अंतीं स्वस्त पडतो.

सांखळीचा खरा शत्रु चिखल. कोंकणांतल्या लाल चिखलाचें पाणी तेलकट सांखळीवर बसलें म्हणजे तेल आणि माती मिळून वाळूकागदासारखें काम करतात. पावसाळ्यांत मला दर पंधरवड्यास सांखळी उतरवून रॉकेलांत धुवावी लागे, आणि मग वाळवून, गरम करून पातळ केलेल्या ग्रॅफाइटयुक्त ग्रीजमध्यें बुडवून ठेवावी लागे, म्हणजे वंगण खिळीपर्यंत उतरे. नुसतें वरून ओतलेलें तेल खिळीपर्यंत पोंचण्याऐवजीं मागच्या बैठकीवरील माणसाच्या कपड्यांपर्यंत आधीं पोंचतें. चढवितांना चेनलॉकच्या चिमटीची मिटलेली बाजू सांखळीच्या धांवण्याच्या दिशेला ठेवावी. उलट बसविली तर कशाला तरी घासून ती निसटण्याचा संभव असतो, आणि वेगांत सुटलेली सांखळी चाकांत गुंतून चाक अडवूं शकते किंवा गिअरपेटी फोडूं शकते. येथेंच आणखी एक सांगून ठेवतों. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, चाक फिरतां फिरतां सांखळी फडक्यानें पुसण्याची कित्येकांना संवय असते. फडक्याचें टोंक दंतचक्रांत सांपडलें कीं मागोमाग बोटें जातात. घरांत मुलें असतील तर हें त्यांना निक्षून सांगावें.

इतका त्रास असूनही सांखळीचा एक मोठा गुण आहे. तिची प्रकृति पाहण्यास वैद्य लागत नाहीं. मागच्या दंतचक्राच्या अगदीं मागच्या टोंकाला सांखळी बोटांनीं ओढून पाहावी. अर्धा दांता उघडा पडला तर तिचें आयुष्य संपलें. शाळकरी मुलालाही ही परीक्षा करतां येते. शिवाय सांखळी स्वच्छ व तेलकट असेल तर तिच्यांत शक्ति फार थोडी वायां जाते, काटकोनी दंतचक्रांपेक्षां कमीच. आणि घाटाच्या गांवीं राहणाराला पुढचें दंतचक्र एका दांत्यानें लहान करून गाडीची चढणशक्ति वाढवितां येते. शाफ्टच्या गाडींत हेंच करावयाचें तर आंतली सबंध जोडी बदलावी लागते.

सांखळीवरचे बहुतेक आक्षेप वस्तुतः उघड्या सांखळीवरचे आहेत, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. इंग्लंडमध्यें वुल्व्हरहँप्टन येथें जॉन मार्स्टन यांच्या कारखान्यांत सनबीम नांवाच्या सायकली व पुढें मोटारसायकली तयार होत. त्यांची ख्याति अशी कीं, त्यांची सांखळी संपूर्ण बंद पेटींत, तेलांत फिरे. धूळ आंत नाहीं आणि तेल बाहेर नाहीं. आपल्याकडे म्हैसूर येथें १९६० नंतरच्या दशकापासून तयार होऊं लागलेल्या जावा व पुढें येझ्दी या गाड्यांची मागची सांखळीही अशीच पूर्ण झांकलेली असे. अनेकांनीं ती पेटी काढून फेंकून दिली, कारण उघडी सांखळी त्यांना रुबाबदार वाटली ! अशी पेटी शाबूत असलेली गाडी मिळाली तर तिचें मोल अधिक समजावें. मात्र रबरी कड्यांच्या हल्लींच्या सांखळ्या जाडीला रुंद असतात. त्या जुन्या पेटींत मावतील असें गृहीत धरूं नये.

आतां शाफ्ट. सनबीमचें नांव निघालेंच आहे, तर त्याच नांवाची पुढची कथा सांगण्यासारखी आहे. हें नांव हस्तांतर होत होत १९४३ सालीं बीएस्ए कंपनीकडे आलें, आणि महायुद्धानंतर तिनें एर्लिंग पॉप यांनीं रेखाटलेली सनबीम एस ७ ही गाडी काढिली. ज्या नांवाची कीर्ति तेलांत फिरणाऱ्या सांखळीवर उभी होती, त्याच नांवाच्या गाडीला आतां शाफ्ट आला. इंजिन ४८७ घन सेंटिमीटरांचें, दोन सिलिंडर एकामागें एक. दिसावयास अत्यंत देखणी, जाड टायरांची, डौलदार. परंतु चाकापाशीं गति वळविण्यासाठीं बीएमडब्ल्यूसारखीं शंकूच्या आकाराचीं दंतचक्रें न वापरतां मळसूत्री दंतचक्र, ज्याला वर्म म्हणतात तें, वापरलें होतें. मळसूत्री दंतचक्र शांत चालतें खरें, पण त्यांत घर्षण फार. इंजिनाची पुरी शक्ति त्या जोडीला झेपेना, आणि म्हणून इंजिनच मवाळ करावें लागलें. पांचशें घन सेंटिमीटरांची गाडी, आणि अश्वशक्ति पंचविसाच्या आसपास ! १९५६ पर्यंत ती गाडी निघत राहिली. आजही तिच्यावर जीव टाकणारे लोक आहेत, आणि तिला शांतपणें हांकणाराला ती निराश करीत नाहीं. पण घाईचा स्वार मागच्या डब्याचें आयुष्य हां हां म्हणतां खाऊन टाकतो, आणि हें त्याला कोणी डोळ्यांनीं दाखवूं शकत नाहीं.

शाफ्टची गाडी जात्याच मंद असते, हा समज मात्र चुकीचा आहे. एर्न्स्ट हेन्न यानें १९३७ सालीं शाफ्टच्या बीएमडब्ल्यूवर ताशीं २७९ किलोमीटरांहून अधिक वेग गांठून दाखविला, आणि १९३९ सालीं गेओर्ग मायर यानें आइल ऑफ मॅन बेटावरील सीनियर टीटी शर्यत शाफ्टच्याच गाडीवर जिंकून इंग्रजांना त्यांच्या अंगणांत हरविलें. वाळवंटी युद्धांत तर शाफ्टची बाजू आणखी वर चढली. उत्तर आफ्रिकेच्या वाळूंत उघड्या सांखळीची जी गत होई ती होऊं नये, म्हणून अमेरिकन सैन्यानें शाफ्टच्या गाड्या मागविल्या. १९४२ सालीं हार्ले-डेव्हिडसननें जर्मन गाडीच्या नमुन्यावर एक्स्ए ही गाडी सुमारें एक हजार बनविली, आणि इंडियन कंपनीनेंही आपली ८४१ ही तितकीच काढिली. पण तोंवर जीप आली आणि या गाड्यांचें प्रयोजन उरलें नाहीं. इकडे ब्रिटिश सैन्याचें काम बीएस्एची एम २० ही साधीभोळी सांखळीची गाडी करीत राहिली. तिची संख्या सव्वा लाखावर गेली, आणि त्याच वंशांतल्या गाड्या आपल्याकडील संग्राहकांच्या दारीं आजही दिसतात. उत्तम गाडी कोणती याचें उत्तर जर्मन देऊं शकतील. रस्त्याच्या कडेला दुरुस्त होणारी गाडी कोणती याचें उत्तर त्या सव्वा लाखांनीं दिलें आहे.

शाफ्टला रोजची सेवा लागत नाहीं. मागच्या डब्यांत पाव लिटरभर किंवा त्याहूनही थोडें तेल; तें वेळच्या वेळीं बदलावें, एवढेंच. कपडे स्वच्छ राहतात, पावसाळा निर्धास्त जातो. पण कांहीं जागा जपाव्या लागतात. १९५५ पूर्वीच्या बीएमडब्ल्यूंत दांडा उघडा फिरे आणि त्याच्या पुढच्या टोंकाशीं रबराची जाड चकती असे. जुन्या रबराला भेगा पडतात. १९५५ सालच्या आर ५० व आर ६९ पासून दांडा मागच्या भुजेच्या नळींत, तेलांत फिरूं लागला, आणि माझ्या मतें जुन्यांपैकीं खऱ्या अर्थानें वापरण्याजोगी शाफ्टची गाडी तेथून सुरू होते. तींतही चाक आणि डबा जोडणाऱ्या खांचा असतात. चाक काढलें जाईल तेव्हां त्यांना ग्रीज न दिल्यास त्या कोरड्या पडून धारदार होत जातात आणि एके दिवशीं इंजिन फिरतें, चाक फिरत नाहीं. डब्यांतील दंतचक्रें जोडीनेंच घडविलेलीं असतात. एकाच्या जागीं दुसरीकडचें बसवितां येत नाहीं. त्यांच्यामधील अंतर कागदासारख्या पातळ चकत्या घालून जुळवावें लागतें, दांत्यांना निळा रंग लावून ते कोठें टेकतात हें पाहावें लागतें. हें काम जाणणारे कारागीर आहेत, परंतु ते प्रत्येक तालुक्याच्या गांवीं नाहींत.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यापुढें गेल्या वर्षीं हाच पेंच पडला. त्याला परदेशी बनावटीची एक शाफ्टची गाडी सांगून आली होती. निवृत्तीच्या रकमेचा मोठा वांटा तींत जाणार होता. त्याच्या पत्नीची अट एकच, लुगड्याला तेल लागतां कामा नये; म्हणून त्याचा कल शाफ्टकडे. तो मला म्हणाला, " सर, तुम्ही एकदां पाहून घ्या. " आम्ही तिघेंही गेलों. रंग नवा, निकेल झगझगीत. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून, इंजिन बंद ठेवून, गिअर टाकून मागचें चाक हातानें पुढें मागें हालविलें, तर चार बोटें रिकामें फिरून मग ' टक् ' असा आवाज होई. डब्याचें थोडें तेल काढण्याची परवानगी विक्रेत्यानें मोठ्या नाखुशीनें दिली. तेल उन्हांत धरलें तेव्हां त्यांत पोलादाची चमक होती. विद्यार्थी तरीही गाडीकडे पाहत उभा होता. मन बसलें होतें त्याचें. त्याच्या पत्नीनें मात्र मला विचारलें, " सर, ही बिघडली तर इथें कोण दुरुस्त करील ? " मीं एका माणसाचें नांव सांगितलें, तो तीनशें किलोमीटरांवर होता. दंतचक्रांची जोडी तर समुद्रापलीकडून मागवावी लागली असती. शेवटीं त्यांनीं पूर्ण बंद पेटीची एक सांखळीची गाडी घेतली आणि उरलेल्या पैशांत तिचें इंजिन नीट करवून घेतलें. लुगड्याची अटही पाळली गेली.

यावरून शाफ्टची गाडी घेऊंच नये असें मी म्हणत नाहीं. ज्याला लांबचे प्रवास करावयाचे आहेत, ज्याच्या शहरांत जाणता कारागीर आहे, आणि ज्याला सुटे भाग परदेशाहून मागविण्याचा खर्च सोसतो, त्यानें १९५५ नंतरची चांगली राखलेली बीएमडब्ल्यू अवश्य घ्यावी. तिचा सुखावहपणा सांखळीच्या गाडीला येणें नाहीं. पण सामान्य घरानें, पहिलीच जुनी गाडी घेतांना, सांखळीचीच घ्यावी असें माझें स्पष्ट मत आहे. बुलेटचेंच पाहा. मद्रासेस १९५५ सालीं सुरू झालेली तिची निर्मिति आजतागायत चालू आहे. सांखळीच काय, तिचा जवळ जवळ प्रत्येक भाग जिल्ह्याच्या गांवीं मिळतो.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. केंद्र सरकारनें २०२१ सालीं केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी विंटेज म्हणून नोंदवितां येते. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये ठरविलें गेलें, आणि तशी नोंदलेली गाडी नित्याच्या रहदारीसाठीं नसून प्रदर्शन, मेळावे, दुरुस्ती, इंधन भरणें अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणावयाची. म्हणजे ती बहुतेक काळ उभीच राहणार. उभ्या गाडीची सांखळी गंजते. तें दिसतें, आणि तासाभरांत निस्तरतां येतें. उभ्या गाडीच्या शाफ्टचीं रबरी सीलें सुकतात, तेल ठिबकून जातें, आणि रिकाम्या डब्याची गाडी मालक आनंदानें मेळाव्याला घेऊन निघतो. शाफ्टची गाडी असेल तर बाहेर काढण्यापूर्वीं डब्याचें तेल पाहण्यास विसरूं नये.

गाडी पाहावयास जाल तेव्हां ती गरम झालेली नसावी, आणि विक्रेत्यानें आपण येण्यापूर्वीं नवें तेल भरलेलें नसावें. मधासारखें स्वच्छ तेल जुन्या डब्यांत दिसलें तर आनंद मानूं नये, कारण विचारावें. वर्मच्या डब्यांत तेलाला सोनेरी झांक असेल तर तें कांस्याचें चक्र झिजत असल्याचें चिन्ह. सांखळीच्या गाडींत सांखळी कोरी करकरीत दिसली तर तिच्याखालचे दांते तपासावेत. आणि मागच्या बैठकीविषयीं : आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झांकणारी जाळी सांगितलेली आहे, ती नेसत्या वस्त्राचा पदर चाकांत जाऊं नये म्हणून. जुन्या परदेशी गाड्यांना, मग त्या सांखळीच्या असोत वा शाफ्टच्या, ती मुळांत नसते. गांवचा लोहार ती अर्ध्या दिवसांत करून देतो. ती बसेपर्यंत मागें कोणाला बसवूं नये.